लॅपटॉप घेताना आधी काय विचारायचं?

(अभियांत्रिकी आणि बीसीएच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रवेशाचे दिवस आले की नात्यातून, मोहल्ल्यातून एकच फोन येतो, "भाई, आय५ घेऊ की आय७?" मी उलट विचारतो, "रॅम किती, आणि ती वाढवता येते का?" पलीकडे शांतता. कारण दुकानात ते कुणी सांगितलेलंच नसतं.

स्टिकरचं आधी उरकून टाकू. 'आय५, बारावी पिढी' लिहिलेले दोन लॅपटॉप घ्या. एकात १२३५यू, दुसऱ्यात १२५००एच. पहिल्यात मोठे कोअर दोन, दुसऱ्यात चार. पहिला १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला, दुसरा ४५. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू मधला ७ हा आकडा २०२३ सालचा, पण आतली 'झेन २' रचना २०१९ची! तेव्हा नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. यू म्हणजे वीज कमी, बॅटरी जास्त वेळ. एच म्हणजे वेग जास्त, उष्णता आणि पंख्याचा आवाजही जास्त. कॉलेजचं जावा, पायथन यूवर आरामात चालतं.

आता रॅमकडे येतो, कारण खरा पैसा तिथे अडकतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम स्लॉटमध्ये बसवलेली असते, काहींत थेट बोर्डावर सोल्डर केलेली. यात निव्वळ लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. एलपीडीडीआर जातीची रॅम वीज कमी खाते, ती प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, आणि स्लॉट गेला की लॅपटॉप पातळ होतो. पण सोल्डर केलेली ८ जीबी घेतली, तर ती शेवटपर्यंत ८च. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ उघडून सोबत एम्युलेटर आणि ब्राउझर चालवायचा म्हटलं की ८ जीबी गुदमरते. स्लॉट असेल तर एक पट्टी आणून काम भागतं. नसेल तर नवा लॅपटॉप. आई-वडिलांनी भिशी उचलून पैसे दिले असतील, तर हा फरक लहान नाही.

थिंकपॅडचं उदाहरण पाहा. २०१८च्या टी४८०मध्ये रॅमचे दोन स्लॉट, आणि एक बॅटरी खटका सरकवून बाहेर काढता येणारी. पुढच्या वर्षीच्या टी४९०मध्ये थोडी रॅम सोल्डर, स्लॉट एकच, बॅटरी आत बंद. मिळालं काय? दोनेक मिलिमीटर पातळपणा. कुणाला तो हवाही असेल. मला विचाराल तर सौदा महाग पडला.

म्हणून माझा नियम असा: नंतर बदलता येत नाही, त्यावर आज खर्च करा. स्क्रीन, कीबोर्ड आणि सोल्डर केलेली असेल तर रॅम. एसएसडी बहुतेक वेळा नंतर बदलता येते, ५१२ जीबीवर समाधान माना. (विंडोज ती ४७६ दाखवतं, दुकानदाराशी भांडू नका. मोजण्याची पद्धत वेगळी आहे.) स्क्रीनच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स' दिसलं, तर रंग फिके असतील आणि खिडकीपाशी वाचायला त्रास होईल. टाइप-सीचं भोकही सारखंच दिसतं, पण एकात चार्जिंग आणि मॉनिटर दोन्ही चालतात, दुसऱ्यात फक्त डेटा. हे आधी विचारून घ्या.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगतो. बऱ्याच घरांत मुलाला गेमिंग लॅपटॉप मिळतो आणि मुलीला "तुझं मोबाइलवर भागेल." मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकता येत नाही. गेमिंगचा जड लॅपटॉप वर्गात चार तासही धड टिकत नाही. त्याच पैशात अनेकदा १६ जीबीचा साधा लॅपटॉप आणि बहिणीसाठी एक जुना, असे दोन बसतात.

जुना घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलात, तर ऑफिसमधून निघालेले मॉडेल पाहा. त्यांचे सुटे भाग मिळतात. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. सहावी-सातवी स्वस्तात मिळेल. लिनक्स वापरायची तयारी असेल तरच घ्या. पैसे देण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवर-सीएफजी बॅटरी-रिपोर्ट' ही कमांड चालवायला लावा. बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली, दोन्ही आकडे समोर येतात. आणि घरी सतत चार्जर लावूनच काम करत असाल, तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का पाहा. पूर्ण भरलेली आणि गरम बॅटरी लवकर म्हातारी होते.

तुम्ही मॉडेल लिहून आणलेल्या चिठ्ठ्या आता इकडे द्या. एकेक उघडू.