प्रदर्शनासाठी देशी सॅलॅमँडर कोठे मिळेल?



विज्ञान प्रदर्शन जवळ आले की विद्यार्थी विचारतात, "सर, जिवंत देशी सॅलॅमँडर कोठे मिळेल?" प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर देतो.

उभयचर प्राण्यांचे तीन गट आहेत. बेडूक, शेपटीवाले सॅलॅमँडर आणि बिनपायांचे देवगांडूळ. आपल्या सह्याद्रीत पहिला व तिसरा गट आहे, सॅलॅमँडर नाही. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत राहतो. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथे १९८५ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. दिसायला तो पालीसारखा, परंतु अंगावर खवले नसतात. एरवी दगडांखाली, पालापाचोळ्यात दडलेला असतो. पावसाळ्यात पाण्यात उतरून अंडी घालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. तेव्हा त्याला पकडून आणण्याचा विचारही नको.

कोणी म्हणेल, दुकानातून अ‍ॅक्सोलॉटल आणू. तो मेक्सिकोतील तळ्यांचा रहिवासी. त्याला 'देशी' म्हणून मांडणे म्हणजे मुलांना खोटे शिकवणे होय. शिवाय पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून रोगही प्रवास करतात. आशियातून युरोपात पोचलेल्या एका बुरशीने नेदरलँड्समधील सॅलॅमँडर २०१० च्या सुमारास झपाट्याने मेले.

मग मांडायचे काय? डॉ. सालिम अलींनी १९३० साली किहीमला सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, तो पिंजऱ्यात नव्हे, घरट्यांसमोर तासन्‌तास बसून. नर अर्धवट घरटे विणतो आणि मादी ते पसंत करते, हे त्यांनी तेथे पाहिले.

तुम्हीही पावसाळ्यात मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जवळच्या डबक्याकाठी जा. बेडकाची अंडी, मग बेडूकमासे पाहा. तारीखवार चित्रे काढा. बेडूकमाशाचे मागचे पाय आधी दिसतात, नंतर पुढचे, आणि शेपटी नाहीशी होते. सॅलॅमँडरच्या पिल्लाला पुढचे पाय आधी फुटतात आणि शेपटी जन्मभर राहते. ही तुलना, भारताचा नकाशा आणि शाडूची प्रतिकृती एवढ्यावर उत्तम प्रदर्शन उभे राहील.

पालकांनो, यासाठी पैसा लागत नाही. मुलाबरोबर डबक्याकाठी घालवलेला तास लागतो. अल्लाहची सृष्टी आपल्याकडे अमानत आहे. अमानत जपायची असते, बरणीत भरून मिरवायची नसते.

खुदा हाफिज.