झील धरणारे



पोवाडा संपला की आपण शाहिराला टाळ्या देतो आणि घरी जातो. त्याच्या मागे उभे राहून झील धरणारे दोघे-तिघे कोण होते, हे सहसा कुणी विचारत नाही. आज मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे. जुन्या कार्यक्रमांची चित्रणे आता घरबसल्या पाहायला मिळतात, त्यामुळे हे बोलणे शक्य झाले आहे.

झिलकऱ्याचे काम दिसते त्याहून अवघड असते. शाहीर ओळ म्हणतो, तिचा शेवट झिलकरी उचलतात, 'जी जी'ची ओढ देतात. तेवढ्या अवधीत शाहीर दम घेतो आणि पुढचा शब्द जुळवतो. झील आखूड पडली तर शाहिराची धावपळ होते, लांबली तर कथा रेंगाळते. नुसते ऐकताना हा व्यवहार कळत नाही, पाहताना मात्र कळतो. शाहिराची मान किंचित वळते, डफ खाली येतो, आणि मागचा माणूस आधीच तयार असतो. तुणतुणेवाला तर त्या साऱ्या गडबडीत एकच स्वर धरून उभा. तो स्वर आहे याची जाणीव तो थांबल्यावरच होते.

ध्वनिमुद्रिकांनी या मंडळींवर फार अन्याय केला, असे मला वाटते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मग कात्री लावायची कुठे? ओढीला आणि वाजवण्यालाच. लेबलावर बहुधा गायकाचेच नाव. चित्रणाने निदान चेहरे तरी ठेवले. पण तिथेही एक गंमत आहे, खरे तर गंमत कसली. जुने दूरदर्शनी चित्र जवळजवळ चौकोनी असे. आजच्या रुंद पडद्यावर ते भरून दिसावे म्हणून पुष्कळदा त्याचा वरचा आणि खालचा भाग कापतात. उभा गायक त्यातून वाचतो. खाली बसलेला पेटीवाला किंवा ढोलकीवाला कमरेपासून, कधी खांद्यापासून नाहीसा होतो. शिवाय गाणे जिथे सुरू होते तिथूनच तुकडा उचलला जातो. त्याआधी निवेदकाने 'ढोलकीवर अमुक, पेटीवर तमुक' असे सांगितलेले असते आणि शेवटी नामावळी सरकलेली असते. दोन्ही गळतात. म्हणजे नावे मुळात नोंदलेली होती, ती वाटेत सांडली.

साथीदाराचे नाव टिकल्याचे एक उदाहरण आपल्या परंपरेत ठळक आहे. होनाजी शिलारखाने कवने रचत आणि बाळा करंजकर ती गात. लावणीच्या शेवटी मुद्रा आली ती 'होनाजी बाळा' अशी जोडीची. दोन माणसे इतकी एकजीव झाली की अनेकांना आजही ते एकाच माणसाचे नाव वाटते. अमर होण्याचा हा प्रकार थोडा विचित्रच, तरी बाळाचे नाव राहिले हे खरे. बाकीच्या फडांत मुद्रा कवीची, आणि ती उंच आवाजात घोळवणारे झिलकरी मात्र निनावी. दुसऱ्याचे नाव गाणे हाच त्यांचा धंदा.

सुलोचना चव्हाण यांचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन त्या जवळजवळ निश्चल उभ्या राहत. लावणी म्हटल्यावर जी अदा अपेक्षित असते ती सारी गळ्यात. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर आपोआप ढोलकीवाल्याच्या हातांकडे जाते. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण हे नामवंत ढोलकीवादक. आई गाते आहे आणि मुलगा ढोलकीवर आहे, हे माहीत असले की शब्द संपण्याआधी पडणारी त्याची थाप वेगळी ऐकू येते. नाव कळल्याने वाजवणे बदलत नाही, आपले ऐकणे बदलते. सुलोचनाबाई डिसेंबर २०२२मध्ये गेल्या. ही चित्रणे आता अधिकच मोलाची झाली.

आपल्या बडोद्याला हा विषय परका नाही. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाची पद्धत तयार केली. चीज कागदावर उतरवता येते, हा विश्वास या शहराने लवकर बाळगला. पण झिलेची ओढ कुठल्या लिपीत लिहिणार? किती ताणायची हे त्या रात्रीच्या श्रोत्यांवर ठरे. ते चित्रणातच सापडते, आणि सांगू शकतात ती त्या फडांबरोबर हिंडलेली माणसे.

ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची नजर अधू झाली आहे, म्हणून एक व्यवहाराचे सांगतो. घरात कुणी वडीलधारे असतील तर असे चित्रण मोठ्या पडद्यावर लावा. शाहिराचे तोंड दिसले की थांबवू नका, तो बाजूला सरकतो तिथे थांबवा. मागच्या माणसाकडे बोट दाखवून विचारा, हा कोण? बहुधा आधी गाव येते, मग टोपणनाव, आणि खरे नाव बऱ्याच वेळाने. तिन्ही लिहून घ्या. चित्रणाच्या कितव्या मिनिटाला तो दिसला, तेही.