शपथ घेण्याआधी



हैदराबादच्या आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुले आज अमेरिकेत आहेत. माझा मुलगाही तिथेच. “बाबा, नागरिकत्व घेऊ का?” असे तो विचारतो. मी त्याला दोन हिशेब वेगवेगळे मांडायला सांगतो.

पहिला कराचा. भारत कर लावताना पासपोर्ट नव्हे, मुक्काम पाहतो. वर्षात १८२ दिवस इथे राहिले की माणूस निवासी ठरतो. अमेरिका मात्र आपला नागरिक कुठेही राहो, त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. ग्रीनकार्डवाल्यालाही हाच नियम, ते रीतसर परत करेपर्यंत. म्हणजे नागरिक होऊन म्हातारपणी इथे परतला, तरी तिकडचे विवरणपत्र सुटत नाही. इथल्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरांहून अधिक असतील, तर तेही कळवायचे. दोन्ही देशांत करार असल्याने तोच कर सहसा दोनदा जात नाही. कागदपत्रे मात्र दोन्हीकडची.

दुसरा हिशेब आकड्यांत मावत नाही. १९५५ च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. जानेवारी २००६ मध्ये आपल्याच शहरात सुरू झालेल्या ओसीआय योजनेमुळे येणे-जाणे आयुष्यभर सुकर होते. पण मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

उलट, जिथे वर्षानुवर्षे कर भरायचा तिथे मत नसावे, हेही बरे नव्हे. म्हणून मी हो-नाही सांगत नाही. म्हातारपण कुठे काढायचे ते आधी ठरव, शपथेचे मग पाहू, एवढेच सांगतो.

गणपती बाप्पा मोरया!