बालगीतांतील वर्णद्वेष आणि आपले कर्तव्य



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे आज अमेरिकेत व इंग्लंडात स्थायिक झाली आहेत. येथील मुलेही इंग्रजी शाळांतून तिकडचीच गाणी म्हणतात. म्हणून त्या गाण्यांच्या कुळाविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

इ. स. १८३० च्या सुमारास टॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’चे सोंग नाचू लागला. कृष्णवर्णीयांची ती टवाळी पुढे मुलांचा गाण्याचा खेळ झाली, आणि तेच नाव त्यांना शाळा, आगगाडी व उपाहारगृहे यांतून वेगळे काढणाऱ्या कायद्यांना पडले. एकेक मूल नाहीसे होत जाणारे दहांचे अंकगीत १८६८ साली सेप्टिमस विनर यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर रचले. १८६९ साली इंग्लंडात फ्रँक ग्रीन यांनी त्यात कृष्णवर्णीय मुले घातली. त्यावरून ॲगाथा ख्रिस्ती यांनी १९३९ साली कादंबरीला दिलेले नाव इंग्लंडात बदलण्यास १९८५ साल उजाडावे लागले.

कोणी म्हणेल, मुलांना अर्थ कोठे कळतो? परंतु त्याच वर्णाचे मूल रिंगणात उभे असेल, तर त्याला तो कळल्यावाचून राहत नाही. थट्टा बोचते की नाही, हे ज्याची थट्टा होते त्यानेच सांगावयाचे असते.

मग करावे काय? राज्य कोणावर, हे ठरविण्याच्या इंग्रजी गाण्यात कृष्णवर्णीयाच्या जागी वाघ आला, आणि खेळाचे काहीच बिघडले नाही. ‘जिम क्रो’चे मात्र कित्येक शिक्षकांनी ‘जिम जो’ केले. जेथे सारे सोंगच टवाळीचे, तेथे नाव बदलून भागत नाही, असे माझे मत आहे. तेथे दुसरा खेळ द्यावा. मुलांचे हात रिकामे ठेवू नयेत. कृष्णवर्णीय मुलांचे स्वतःचे खेळ बेसी जोन्स व बेस लोमॅक्स हॉज यांनी १९७२ साली ‘स्टेप इट डाउन’ या ग्रंथात संग्रहित केले आहेत. परदेशस्थ पालकांनी ते शिक्षकांपुढे ठेवावेत, आणि जोडीला आपला झिम्मा व फुगडीही द्यावी.

आपण येथे एका ज्ञातीच्या नावाने जमलो आहो. त्या नावाची कोणी टवाळी केली, तर ती आपणांस झोंबते. मराठीतही इतर जातींची नावे शिवीसारखी वापरणाऱ्या म्हणी आहेत. त्या आपल्या घरांतून, मुलांदेखत, बंद होतील, तरच परक्यांची गाणी तपासण्याचा अधिकार आपणांस पोहोचेल.