आजींचा वाजणारा डबा

आम्ही वर्तकनगरातल्या एकाच इमारतीतल्या चौघी. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पानंतर माळ्यावर पडलेला आर्डुइनो आम्ही खाली काढला आणि दुपारची जेवणं आवरली की त्याच्याशी खेळू लागलो.

पहिलं काम खालच्या मजल्यावरच्या आजींचं. त्यांची रक्तदाबाची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठची. सकाळी आठला डबा सुरू केला. सुरू होताच वाजायचा आणि मग दर १२ तासांनी. चार दिवस छान चाललं. शुक्रवारी वीज गेली, सव्वाअकराला आली आणि डबा वाजला! आठची गोळी घेतलेल्या आजींनी दुसरी हातात घेतली. सुनेचं लक्ष गेलं म्हणून बरं.

चूक आमची. आर्डुइनोला किती वाजले हे ठाऊकच नसतं. चालू झाल्यापासून किती वेळ गेला, एवढंच ते मोजतं. वीज गेली की पुन्हा शून्य.

मग लॅमिंग्टन रोडवरून आरटीसी मॉड्यूल आणलं, म्हणजे छोटं घड्याळच. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोब्बर एक उरतो, तोच आपला सेकंद. डीएस१३०७ ही जुनी चिप उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे होते. आम्ही घेतलेली डीएस३२३१ तापमान पाहून स्वतःला सावरते. फरक वर्षाला साधारण एका मिनिटाचा. वायरी चारच. वीज नसली तर पाठीमागच्या गोल सेलवर घड्याळ चालू राहतं.

तरी पुन्हा फसलोच. दर वेळी सुरू होताना घड्याळ लावायची ओळ प्रोग्राममध्ये तशीच राहिली होती. त्यामुळे वीज आली की घड्याळ आमच्या प्रोग्राम भरण्याच्या वेळेवर मागे जायचं. वेळ एकदाच लावायची, मग ती ओळ काढून प्रोग्राम पुन्हा भरायचा.

आणि हे नीट ऐका. बाजारातल्या पुष्कळ निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी जोडणी असते. साधा सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो. तो फुगतो, फुटूही शकतो. आम्ही त्या वाटेवरच्या बारीक रेझिस्टरचा डाग सोडवून तो काढून टाकला. हा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, तेव्हा नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं. आमच्या डब्याचं झाकण म्हणूनच स्क्रूने बंद आहे.

मागच्या शुक्रवारी दुपारी पुन्हा दोन तास वीज नव्हती. रात्री आठला आम्ही चौघी जिन्यात कान लावून उभ्या. डबा वाजला. आतून आजींचा आवाज आला, “ऐकू येतंय गं मेल्या, मालिका चालू आहे!”