हिरवागार रिपोर्ट आणि न बसणारा डॉवेल

आज मशीनिंग झालेले जॉब थ्रीडी स्कॅनरने तपासण्याबद्दल बोलूया. मी स्कॅनर चालवत नाही हं, त्याच्या मागचं सॉफ्टवेअर लिहितो.

स्कॅनर जॉबवर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकतो, कॅमेरे बघतात आणि लाखो बिंदू मिळतात. ते कॅड मॉडेलवर बसवायचे आणि फरक रंगात दाखवायचा. लाल म्हणजे मटेरियल जास्त, निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ओके. दिसतं इतकं झकास की साहेब लगेच सही करतात.

खरी गोम त्या ‘बसवायचे’ या शब्दात आहे. बऱ्याचदा बेस्ट-फिट वापरतात. सगळ्या बिंदूंचा मिळून फरक कमीत कमी, एवढंच त्याला कळतं. ड्रॉइंगवरचा डेटम त्याच्या गावीही नसतो.

भोसरीतल्या एका शॉपमधली गोष्ट. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, दोन सेटअपमध्ये मशीनिंग. रिपोर्ट हिरवागार, पण असेंब्लीत डॉवेल बसेना. खापर ऑपरेटरवर फुटलं, पगारातून कापायची भाषा सुरू झाली. आम्ही तेच स्कॅन पुन्हा उघडलं, या वेळी पहिल्या सेटअपच्या डेटमवर अलाइन केलं. दुसऱ्या सेटअपचं सगळं काम ०.१२ मिमी सरकलेलं! बेस्ट-फिटने ते निम्मं निम्मं वाटून टाकलं होतं, इकडे ०.०६, तिकडे ०.०६. रंगाची मर्यादा ०.१ असल्यावर दोन्ही बाजू हिरव्याच दिसणार ना?

मग आठ जॉब तपासले. सगळे एकाच दिशेला, जवळपास तेवढेच सरकलेले. हाताची चूक असती तर इकडेतिकडे विखुरले असते. फिक्श्चर उघडलं तर लोकेटिंग पिन झिजलेली. पगार कापायचा विषय तिथेच बंद झाला.

बेस्ट-फिट वाईट असं नाही. कच्च्या कास्टिंगवर मशीनिंगला सगळीकडे मटेरियल पुरेल का, हे बघायला तोच बरा.

आणि स्कॅनरकडून सगळंच मागू नका. २५ मिमीच्या एच७ बोअरला एकूण टॉलरन्स २१ मायक्रॉन. चकाकी घालवायला मारलेल्या स्प्रेचा थरच त्यातले काही मायक्रॉन खातो. तिथे प्लग गेज किंवा एअर गेजच लावा.

तापमानाचंही तेच. मापं २० अंशांना धरलेली असतात. एप्रिलमध्ये शॉप ३५ वर गेलं की ३०० मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब साधारण ०.१ मिमी वाढतो. म्हणून जॉब मशीनवरून काढून थेट स्कॅनरखाली ठेवू नका, आधी थंड होऊ द्या.

सीएमएम विकून स्कॅनर घ्यावा का, असं खूप जण विचारतात. माझं उत्तर, नको. त्यावर पुढच्या भागात बोलू.