जाड अक्षराच्या पोटातली जागा

आज बोलूया स्लॅब सेरिफबद्दल. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना विटेसारखे जाड, चौकोनी पाय असतात ना, ते टाइपफेस. मोनोटाइपचा १९३४ चा रॉकवेल आठवा.

ही अक्षरं आली ती ओरडून सांगायला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींची गर्दी वाढली आणि पुस्तकातलं नाजूक अक्षर लांबून दिसेना. मग व्हिन्सेंट फिगिन्सने रेषाही जाड आणि पायही तितकेच जाड, असं अक्षर बाजारात आणलं. नाव 'अँटीक'. पुढे १८४५ मध्ये रॉबर्ट बेझलीच्या फाउंड्रीतून क्लॅरेंडन आला. त्याची रीतसर नोंदणी झाली होती, पण संरक्षण फक्त तीन वर्षांचं. मुदत संपली आणि नकलांचा सुळसुळाट झाला!

आता माझी फजिती. आमची पिठाची गिरणी आहे. बाबांचा जुना, हाताने रंगवलेला बोर्ड काढून मी फ्लेक्स केला. इंग्रजी नाव रॉकवेलच्या सगळ्यात जाड वजनात, एकदम झकास. मराठी फॉन्टला बोल्ड नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरमधलं बोल्डचं बटण दाबलं. संध्याकाळी बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून म्हणाले, "माजणी म्हणजे काय रे?"

'भाजणी' लिहिलं होतं. 'भ'च्या डोक्यावरची फट बुजली आणि 'म' झाला. 'धान्य'चं 'घान्य'. बाबा रागावले नाहीत, जुना बोर्ड पुसून परत लावला. ते जास्त लागलं.

त्या बोर्डवर पेंटरकाकांनी 'भ'ची फट चांगली बोटभर ठेवली होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते बटण फक्त रेषा फुगवतं, आतल्या जागेचा विचार करत नाही. चांगल्या जाड स्लॅबमध्ये अक्षर रुंद केलेलं असतं, 'ए'च्या पोटातला पांढरा भाग जपलेला असतो, जिथं रेषा जुळतात तिथं ती थोडी बारीक केलेली असते. देवनागरीत तर शिरोरेखेची जाडीही सांभाळायची, नाहीतर मात्रांना जागा उरत नाही.

वेबसाइट करणाऱ्यांनो, बोल्डची फाइल लोड झाली नाही तर ब्राउझरही असाच खोटा बोल्ड तयार करतो. सीएसएसमध्ये 'फॉन्ट-सिंथेसिस: नन' लिहा, म्हणजे चूक लपणार नाही. आणि जाड देवनागरी फॉन्ट निवडताना आधी चार अक्षरं टाइप करा: भ, म, ध, घ. दहा पावलं मागं जा. वेगळी दिसली तरच छापा.

बोर्ड अजून तोच आहे, पेंटरकाकांचा. फ्लेक्स पावसाळ्यात पोत्यांवर झाकायला वापरतो, उलटा करून. भेटू पुढच्या भागात!